जुन्या वस्तू नि त्यांच्या मागची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दोन महिन्यांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला भाजीबाजारात गाठले आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. विषय 'जुने ते सोने'." माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडायची तेवढी राहिली. दरवर्षी मी या सभेत मागच्या रांगेत बसते आणि कार्यक्रम संपत आला की हळूच उठून चहाच्या कपबशा मांडायला जाते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आपल्या पार्ल्यात तर प्रत्येक घरात एक तरी वक्ता नि दोन तरी श्रोते असे की, जे वक्त्याची चूक काढल्यावाचून घरी जात नाहीत. मी नाही म्हटले. पण चिटणीसबाई ऐकेनात. "घरी बोलता तसेच बोला," म्हणाल्या. म्हणून कागदावर लिहून आणले आहे. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. पार्ल्यात आता निम्म्या गल्ल्यांतून हेच चालले आहे. विमानतळ शेजारी असल्यामुळे आपल्याकडे इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे, म्हणून आभाळ अजून दिसते, एवढेच. तर घर रिकामे करायचे म्हणून आम्ही माळा उतरवायला घेतला. माळा म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. जे टाकवत नाही आणि लागतही नाही, ते माळ्यावर जाते. पितळी डबे, झाकण हरवलेला बंब, मुलांच्या बाळपणीचा पाळणा, सासऱ्यांची नाण्यांची पेटी, नि पोत्यात बांधलेली सासूबाईंची भांडी. मी भंगारवाल्याला बोलावले. त्याने ताणकाट्याला पिशवी अडकवली आणि एकेक जिन्नस टाकू लागला. मी दारात उभी राहून आकडे लिहीत होते.

इतक्यात माझी धाकटी लेक क्लासहून आली. तिने पिशवीतून एक पितळी भांडे उचलले आणि विचारले, "आई, हे पेन ठेवायचे आहे का? मी घेऊ?" मी पाहिले. तो सासूबाईंचा शेर होता. काठाला एक पोचा होता. तो पोचा दिसला आणि माझ्या पायांतले बळच गेल्यासारखे झाले. बायांनो, २००१ साली मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी तांदूळ भरून उंबऱ्यावर जे माप ठेवले होते, ते हेच. मी घाबरलेली. हळूच पाय लावायचा तो जोरात लागला, आणि माप थेट मोरीच्या कठड्यावर जाऊन आपटले. बायका हसल्या. मला रडू फुटणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "असू दे. घरात धान्य लांबवर पसरले." तो पोचा त्या दिवसाचा. आणि मी तो शेर किलोच्या भावाने भंगारात घालत होते. जे माप साऱ्या घराचे धान्य मोजत होते, ते स्वतःच काट्याला लटकले होते!

मी ते परत घेतले. भंगारवाला भला माणूस, त्याने काही हुज्जत घातली नाही. पण रात्री मला झोप येईना. वाटे, लेकीने विचारले नसते तर? आणि मी तरी तिला या मापाविषयी आजवर एक अक्षर का सांगितले नव्हते?

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तिला बसवून सारे सांगितले. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायली गावोगाव थोडी लहानमोठी असे, पण हिशेब हाच. आमच्या गावी माझी आई आकडा न लिहिता खळ्यावर भाताची रास मोजत असे. सरकारने १९५६ साली कायदा करून किलो-लिटर आणले, आणि ते चांगलेच केले. गावोगावच्या लहानमोठ्या पायल्यांत गरिबाचीच फसगत व्हायची. तरी माप भरण्याची जी रीत होती ती काही कायद्याने यायची नाही. चाळीत शेजारणीकडून तांदूळ उसने आणायचे ते सपाट मापाने, आणि परत करायचे ते शिगोशीग, असा सासूबाईंचा दंडक होता. माझ्या लेकीला 'शीग' हा शब्दच ठाऊक नव्हता. मापावर धान्याची जी टोकदार रास होते ती शीग, हे मी तिला तांदूळ ओतून दाखवले.

मैत्रिणींनो, २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपणही मंडळात पेढे वाटले. मला फार आनंद झाला. पण त्याच वेळी मनात आले की, भाषा काही नुसती ग्रंथांत राहत नाही. ती चिपट्या-मापट्यांत, पाट्या-वरवंट्यांत, वैलावर नि उतरंडीतही राहते. वस्तू गेली की तिच्याबरोबर पाचदहा शब्द निघून जातात. काही शब्द मात्र चिवट असतात. सासऱ्यांच्या पेटीत भोकाचा पैसा आहे, आणे आहेत, १९५७ साली निघालेले 'नवे पैसे' आहेत. चार आण्यांचे नाणे सरकारने २०११ च्या जून अखेरीस व्यवहारातून काढून टाकले, तरी आपण अजून 'सोळा आणे खरे' म्हणतोच की!

दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कोणतीही वस्तू चालू असते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये तारखाते बंद व्हायचे ठरले, तेव्हा शेवटच्या दिवशी तार करायला लोकांच्या रांगा लागल्या. वर्षानुवर्षे ज्यांनी तार केली नव्हती तेही कागद हातात घेऊन उभे! आपल्या पार्ल्याचेच पाहा. १९२९ सालापासूनचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. तो चालू होता तेव्हा गाडी स्टेशनात शिरताना बिस्किटांचा वास यायचा, आणि आपण डब्यात जागा मिळते का ते पाहायचो. आता प्रत्येकजण त्या वासाची आठवण सांगतो. वास काही माळ्यावर ठेवता येत नाही.

आता जुन्या वस्तूंचा खरा जाणकार कोणाला म्हणावे, ते सांगते. आपल्या मंडळाची सहल पुण्याला गेली होती तेव्हा आपण राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. दिनकर केळकर (१८९६-१९९०) हे काही राजेमहाराजे नव्हते. त्यांचा चष्म्यांचा धंदा होता आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्यांचा राजा नावाचा मुलगा बाळवयातच गेला. पुढे त्याच्या नावाने हे संग्रहालय झाले. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोठी साथ होती. गावोगाव हिंडून त्यांनी हजारो वस्तू जमवल्या आणि तो सारा ठेवा शेवटी सरकारच्या स्वाधीन केला. मस्तानीचा महाल तिथे आहेच. पण मी खिळून राहिले ती अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या नि शेवयांचे साचे यांच्यापाशी. ज्या वस्तूंना आपण बायका रोज हात लावतो त्यांनाही कोणी इतक्या मायेने जपावे, याचे मला नवल वाटले. आपल्यापैकी एक आजी पाय घासायची वज्री पाहून म्हणाल्या, "अग बाई, ही तर माझ्या सासूच्या न्हाणीत होती!" त्या दोन मिनिटे काचेपाशी उभ्या राहून सासूविषयी बोलत होत्या, आणि मला त्या वज्रीपेक्षा आजींचे बोलणेच अधिक आवडले.

तिथून आले ती डोक्यात एक खूळ घेऊन. आमच्या माहेरी आईचे जाते होते. नव्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ते मांडायचे, वर पितळी समई ठेवायची, असे मी ठरवून टाकले. हल्ली अशी जाती नि जुने दरवाजे हॉटेलांतूनही मांडलेले दिसतात. म्हटले, आपले तर हक्काचे आहे.

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यात. २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे, म्हणून आगगाडीच्या आरक्षणाच्या फंदात न पडता मी एसटीने गेले. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले नि कित्येक वर्षे रखडले, ते आपण वर्तमानपत्रातून वाचतोच. मी ते कमरेने वाचले आहे. सावली देणारी मोठमोठी झाडे त्यात गेली. गावी पोचले तर वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपे. ती उघडायची गणपतीला नि शिमग्याला. भाताची खाचरे पडीक. माझा भाऊ म्हणाला, "ताई, पेरावं तर वानर नि रानडुकरं ठेवत नाहीत, नि राखायला माणूस नाही." ज्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकले तिथे आता मोजकीच मुले आहेत. आपण मुंबईकर सुटीत जातो, आंबे-फणस खातो, नदीचे फोटो काढतो आणि म्हणतो, "गावाकडे किती शांत आहे!" शांत आहे खरे. माणसेच नाहीत तर गलबला कोण करणार?

एक गंमत सांगते. आपल्याकडे इर्ला म्हटले की खरेदी आठवते. आमच्या गावी इरले म्हटले की पाऊस. बांबूच्या कामट्यांचे, वर पाने घातलेले ते इरले पाठीवर घेऊन बायका ओणव्याने लावणी लावीत. भावाच्या घरी मी इरले शोधले तर मिळाले नाही. सगळ्यांकडे प्लास्टिकची खोळ. जाते शोधले तर ते घरामागे, नळाखाली! वरची तळी धुण्याचा दगड झाली होती नि खालची तळी पायरी.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! मी भावजयीला नको नको ते बोलले. आईची आठवण पायाखाली घातलीत, तुम्हाला कशाची किंमत नाही, वगैरे. ती हात पुसत ऐकून घेत होती. माझे बोलून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "वन्सं, रागावू नका, पण एक विचारते. तुम्ही मुंबईला जात्यावर दळता का?"

मी गप्प.

"तुमच्याकडं पिठाची पिशवी दुकानातनं येते. इथं आम्ही वाईट दिवस काढले. मी लग्न होऊन आले तेव्हा पावसात लाइट गेली की गिरणी बंद, नि सासूबाई नि मी पहाटे तीनला जात्यावर. बचतगटाचं कर्ज काढून मी घरघंटी घेतली. आता वाडीतल्या बायका माझ्याकडं दळण आणतात. चार पैसे मिळतात, कर्ज फिटत आलं. ते जातं उचललं त्या दिवशी सासूबाईच असत्या तर त्यांनीच साखर वाटली असती. वन्सं, तुम्हाला गाव जुना हवाय, नि आम्हाला गावात राहायचंय."

भगिनींनो, तिचे शेवटचे वाक्य मी तेव्हापासून विसरलेले नाही. मी माझी आठवण तिला राखायला सांगत होते, नि राखणावळीला मात्र तिची कंबर!

मी मागल्या पडवीत जाऊन बसले. आणि मग जे मी इतकी वर्षे स्वतःशीच गोड करून ठेवले होते, ते मला खरे आठवले. मी सातवी पास झाले तेव्हा गुणपत्रिकेवर गणिताला वर्गात सर्वांत अधिक गुण होते. आठवीची शाळा नदीपलीकडे. पावसाळ्यात साकवावरून पाणी जायचे हे तर खरेच. पण आई आजारी, पाठची दोन भावंडे लहान, शेतातले काम, पाणी, नि नाचणी दळायला जात्यापाशी आईला जोडीण हवी. म्हणून मला घरी ठेवले. हाताला घट्टे पडले. माझी आठवी त्या जात्याने दळून खाल्ली. आणि तेच जाते मी नव्या घरात समई लावून मांडायला निघाले होते! केवढी ही विसराळू माया!

तर 'जुने ते सोने' हे मला सरसकट पटत नाही. जात्यावरचे दळण हे सोने नव्हते, कष्ट होते. चुलीचा धूर सोने नव्हता, त्याने माझ्या आजीचे डोळे गेले. जे आज गावाकडच्या साधेपणाविषयी हळहळतात, त्यांनी आठ दिवस विहिरीचे पाणी शेंदून पाहावे.

पण मग जात्याशी काहीच सोन्यासारखे नव्हते का? होते. जात्यावर बसले की आई ओव्या म्हणे. एरवी चारचौघांत न बोलणारी बाई, पण पहाटे जात्याशी सारे बोलायची. मी झोपेत जोडीला बसायची. डोळे मिटलेले, हात खुंट्याला. मला त्यातली एकही ओवी धड आठवत नाही. आई २००९ साली गेली. आमच्या घरात लिहितावाचता येणारी माणसे होती, तरी कोणी दोन ओळी टिपून घेतल्या नाहीत.

ज्यांनी टिपून घेतल्या त्यांचे उपकार केवढे आहेत पाहा. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी वहीत उतरवली होती. त्या १९५१ साली गेल्यावर मुलाने, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ती वही नसती तर खानदेशातल्या एका शेतकरीणबाईबरोबर ते सारे धन मातीत गेले असते. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' लिहिले. डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्यासाठी जन्म वेचला. आणि पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी तर सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यादेखील गाणाऱ्या बाईच्या नि तिच्या गावाच्या नावासकट. माझ्या लेकीने मला मोबाईलवर त्यांतल्या काही ऐकवल्या. कुठल्याशा मुळशी-मावळातली बाई गात होती, पण गळा आमच्या आईसारखाच! मला वाटते संग्रह करावा तो असा. वस्तूबरोबर बाईचे नाव असावे.

आता पुढची हकीकत सांगते. आमची थोरली काकी अजून आहे. वय ऐंशीच्या पुढे. भावजयीची माफी मागून मी काकीकडे गेले आणि म्हटले, "काकी, ओव्या सांग. मी लिहून घेते." काकीने पुष्कळ डोके खाजवले. एक ओळ आठवली तर दुसरी आठवेना. शेवटी कंटाळून म्हणाली, "असं नुसतं बसून येत नाय गो. हाताला खुंटा हवा."

भावजय दारात उभी होती. काही न बोलता ती मागे गेली. तिने नि माझ्या भावाने दोन्ही तळ्या उचलून आणल्या, घासून धुतल्या, वाळवल्या. खुंटा नव्हता, तो भावाने नवा तासून ठोकला. टाकी लावलेली नसल्यामुळे पीठ निघणार नव्हतेच, पण आम्हाला कुठे भाकरी करायच्या होत्या! पडवीत गोणपाट घालून काकी बसली. समोर भावजय बसली. मूठभर नाचणीची वैरण तोंडात घातली, जाते घरघरले, आणि बायांनो, काकीच्या तोंडून ओवीमागून ओवी येऊ लागली. मला लिहिता पुरेना. तेव्हा भावजयीने एका हाताने जाते फिरवीत दुसऱ्या हाताने आपला मोबाईल चालू करून मांडीशी ठेवला. दीड तासात बेचाळीस ओव्या झाल्या.

त्यांतल्या एकीपाशी काकी थांबली नि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही तुझ्या आईची. तिनं जोडलेली." ती ओवी मी इथे म्हणून दाखवणार नाही, मला ते जमणार नाही. तिचा भाव एवढाच की, माझी लेक हुशार, तिची पाटी मी फळीवर ठेवली. जात्या, तू साक्षी आहेस, हा दोष माझ्या पदरात आहे.

तीस वर्षांहून अधिक काळ मी समजत होते की, आईला माझ्या शाळेचे काहीच वाटले नाही. ती तोंडाने कधी बोलली नव्हती. मी विचारलेही नव्हते. ती रोज पहाटे माझ्यासमोर बसून म्हणत होती, आणि मी झोपेत होते.

जाते मी आणले नाही. ते तिथेच पडवीत आहे. भावजय म्हणाली, "आता पायरीला दुसरा दगड बघते. काकी आहे तोवर हे राहू दे." काकीच्या पुढच्या ओव्या ती सवडीने भरून मला पाठवते. माझी लेक त्या वहीत उतरवते, आणि न कळलेला शब्द आला की मला विचारते. मला आले नाही तर आम्ही भावजयीला फोन करतो. अशा रीतीने एका नणंदेचे भावजयीशी भांडणापेक्षा अधिक बोलणे होऊ लागले आहे. हाही एक लाभच म्हणायचा.

पितळी शेर माझ्या स्वयंपाकघरात आला आहे. कपाटात नव्हे, तांदळाच्या डब्यात. रोज त्यानेच तांदूळ काढते. पुढेमागे घरात सून आली तर तो उंबऱ्यावर ठेवीन आणि पोच्याची गोष्ट सांगेन. तिने जोरात पाय मारला तरी हरकत नाही. आणखी एक पोचा, आणखी एक गोष्ट!

आता माझी आपल्या मंडळाला एक विनंती आहे, आणि मग मी बसते. आपल्यापैकी बारा-पंधरा जणींची घरे येत्या वर्षात पाडली जाणार आहेत. सगळ्यांचे माळे उतरणार. नवी घरे झाली तरी त्यांत सारे मावणार नाही, आणि मावावे असेही मी म्हणत नाही. टाकायचे ते खुशाल टाका. पण टाकण्यापूर्वी वस्तूविषयी चार गोष्टी लिहून ठेवा. एक, तिला आपल्या घरात काय म्हणत. दोन, तिचे काम काय नि ते कसे करीत. तीन, ती कोणाच्या हातची. त्या बाईचे पुरते नाव, माहेरच्या गावासकट. आणि चार, ते दिवस परत यावेत असे तुम्हाला वाटते का, ते खरे खरे लिहा. 'नको ग बाई' असे असेल तर तसेच लिहा. आपल्या लेकीनातींना नुसती हळहळ देऊन काय उपयोग? आपण काय सोसले आणि काय सोडून दिले, तेही त्यांना कळले पाहिजे.

ज्यांच्या घरी सासू, आई, आजी अजून आहेत, त्यांनी तर आज संध्याकाळीच बसावे. तारेसारखे शेवटच्या दिवशी रांगेत उभे राहू नका. आणि नुसते "काही सांगा" म्हणून विचारू नका. हाताला काही तरी द्या. सूप द्या, पाटा द्या, विणायला सुई द्या. आपल्या बायकांच्या आठवणी हातांत असतात, हे मी काकीकडून शिकले.

यासाठी मी एक दोनशे पानी वही आणली आहे. ती तिथे चहाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर मी सासूबाईंचा शेर लिहिला आहे, आणि दुसऱ्यावर आईचे जाते. आईच्या जात्याखाली चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिले आहे, "दळण नको. आई हवी." बाकीची पाने कोरी आहेत. चहा घेताना प्रत्येकीने निदान एका वस्तूचे नाव लिहून जावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. वही सातवीवालीची आहे.

  आता मला कपबशा मांडायला जाऊ द्या.